धानातली डिस्क

पिक्चरचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की तुमच्यापैकी कोणीतरी पटकन शेवट बोलून मोकळं होईल, आणि आमच्या घरात त्या शेवटाबद्दल बोलायला बंदी आहे. बंदी माझ्या बायकोची, म्हणजे अंजूची. आमच्या लग्नाच्या वर्षापासून ती लागू आहे, आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमच्या गल्लीत ती जेवढी काटेकोर पाळली जाते तेवढा एकही सरकारी नियम पाळला जात नाही. हे मी हेडक्लार्क या नात्याने सांगतो.

झालं होतं असं. लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा टॉकीजला गेलो तो हा पिक्चर. इंटरव्हल झाला, समोसे खाऊन झाले, हिरो-हिरॉइनची ताटातूट झाली, हिरॉइन पेटी घेऊन स्टेशनवर एकटी उभी राहिली, लांबून गाडीची शिटी वाजली आणि लाइट गेली. जनरेटर सुरू करायला जो माणूस गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी पिक्चर बदलला. पुढे तो टीव्हीवर लागला तेव्हा नेमके त्याच जागी अंजूचे मोठे मामा दारात उभे राहिले आणि आईने टीव्ही बंद केला, कारण पाहुणा आला की आमच्याकडे टीव्ही बंद होतो. मग एकदा केबल तुटली. मग टॉकीज पाडून तिथे लग्नाचा लॉन झाला, आणि अंजूची हिरॉइन अजून त्या स्टेशनावर उभीच.

"ते गाडीत बसते का नाई बसत, मले कोनी सांगू नका," असं अंजूने गल्लीत जाहीर केलं होतं. "मी पाहीन तवा पाहीन."

गल्लीत सगळ्यांना शेवट माहीत आहे आणि कोणी तोंड उघडत नाही. एकदा किराणा दुकानात एक परगावचा माणूस "अरे, उसमें तो लास्ट में..." म्हणू लागला, तर दुकानदाराने हातातलं माप खाली ठेवून त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. लोकांना वाटतं की मला तरी शेवट माहीत असणारच. नाही. बायकोला सोडून एकट्याने शेवट पाहून घ्यावा, हे काही मला बरं वाटलं नाही. ही गोष्ट मी कुणाजवळ बोललो नव्हतो. हेडक्लार्क माणसाने असल्या गोष्टी बोलून दाखवल्या की ऑफिसात शिस्त राहत नाही.

मागच्या पावसाळ्यात आमची मुलगी श्रुतिका नागपूरहून आली आणि तिने नव्या टीव्हीवर कसलंसं अ‍ॅप घालून दिलं. त्यात तो पिक्चर होता! अंजूने तो आंबरसासारखा पुरवून पुरवून पाहायला घेतला. रोज थोडा, कामं उरकून. हिरॉइन स्टेशनवर पोहोचली त्या संध्याकाळी ती म्हणाली, "आता बाकीचा उद्या, सवडीनं." उद्या उजाडला आणि टीव्ही म्हणाला, हा चित्रपट आता उपलब्ध नाही.

मी श्रुतिकाला फोन लावला. "अगं, आपण पैसे भरतो ना त्याचे?"

"पप्पा, वो देखने के पैसे हैं, रखने के थोड़ी हैं!"

 अंजूने कणीक मळायला घेतली आणि पुष्कळ वेळ मळतच राहिली. मला फार वाईट वाटलं. या बाईने माझ्याकडे कधी धड साडी मागितली नाही. एका पिक्चरचा शेवट तेवढा मागितला, आणि तोही आमच्या घरात टिकत नव्हता. मी तिथेच ठरवलं की डिस्क आणायची, म्हणजे कोणाच्या मर्जीने येणार नाही आणि कोणाच्या मर्जीने जाणार नाही.

मध्यमवर्गीय माणसाने एखादी गोष्ट मनात ठरवून मनातच ठेवावी. मी ती फाटकापाशी बोललो.

"नवीनच घ्या फुंडेभाऊ," शेजारच्या आम्रपाली मॅडम म्हणाल्या. त्या बँकेत आहेत आणि कुठलाही सल्ला शिक्का मारल्यासारखा देतात. "जुनी डिस्क म्हंजे दुसऱ्याच्या तोंडातला बिरूश. नवीन घ्या, पक्क्या बिलासंगं."

चौकात चैतरामचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे एके काळी त्याची व्हिडिओ लायब्ररी होती. त्याचं मत उलटं. "नवीन? भाऊ, नवीन डिस्क म्हंजे कोरी नवरी, चालते का नाई कोनाले माईत? जुनी म्हंजे गावभर नांदून आलेली. चारशे घरी चालली ते तुमच्या घरी काहून चालनार नाई?"

मी बँकेच्या बाजूने गेलो. सरकारी माणूस बिलाच्या बाजूनेच जातो. ऑनलाइन शोधली, तर एकच नग शिल्लक होता. तो मागवला. माळ्यावरून डीव्हीडी प्लेअर काढला. त्याच्या तीन रंगांच्या पिनांना नव्या टीव्हीत भोकंच नव्हती, म्हणून आईच्या खोलीतला जुना डबा टीव्ही पुसून घेतला. त्याच्यावर बसलेल्या गणपतीला फ्रिजवर हलवलं. सगळी तयारी झाली.

पार्सल आलं तेव्हा मी ऑफिसात होतो आणि अंजू बाजारात. घरी आई, म्हणजे जिजाबाई. आमच्या घरात आलेल्या कुठल्याही नव्या वस्तूला आधी हळदीकुंकू लागतं, मगच हात लागतो. स्कूटरला लागलं, मिक्सरला लागलं, श्रुतिकाच्या लॅपटॉपच्या पाठीवर अजून पाच बोटं आहेत. आईने डिस्क बाहेर काढली आणि तिला पहिला प्रश्न पडला, हिचं तोंड कोणतं? एका बाजूला काहीबाही छापलेलं, दुसरी बाजू आरशासारखी लखलखीत. आईने विचार केला की लिहिलेली ती पाठ आणि चमकतं ते तोंड. तिने चमकत्या बाजूवर ओल्या हळदीने सातिया, म्हणजे स्वस्तिक, काढला, मधोमध कुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या आणि डिस्क वाळायला उन्हात ठेवली.

मी आलो तेव्हा अंजू ती ओल्या फडक्याने पुसत होती. हळद जात होती, पण पिवळेपण जात नव्हतं. आम्रपाली मॅडमनी कुंपणावरून टूथपेस्ट सुचवली. आईचं मन खात होतं, म्हणून तिने कुणाला न विचारता डिस्क मोरीवर नेली आणि राखेने, तारेच्या घासणीने, कढई घासावी तशी घासून आणली. प्लेअरने डिस्क आत घेतली, थोडा वेळ विचार केला आणि मुकाट्याने बाहेर काढून दिली. आम्ही पुन्हा घातली. त्याने पुन्हा काढून दिली.

"मले वाटलं रे बाप्पा," आई रडकुंडीला येऊन म्हणाली, "इतक्या वर्सांनं येऊन राह्यली घरी, तिले तसंच कसं घ्याव आत?"

आता या बाईवर कोण रागावणार? अंजूने उलट तिलाच जवळ घेतलं. मग दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं, जणू राखेची घासणी मीच हातात दिली होती.

मी वस्तू परत करायचं ठरवलं. कारण विचारत होते. आकार बसत नाही, रंग आवडला नाही, वेगळीच वस्तू आली. 'पूजेत बाद' असा रकाना नव्हता. ही या देशातल्या कामकाजाची मोठी उणीव आहे असं माझं मत आहे. मी 'रंग आवडला नाही' निवडलं, आणि त्यात काही खोटं नव्हतं, कारण डिस्क पिवळी झाली होती. परत न्यायला माणूस आला. पाठीवर बैलावर लादावं तेवढं ओझं. त्याने डिस्क हातात घेतली, भोकाच्या कडेला अडकलेला तांदळाचा दाणा पाहिला आणि चपला काढून बाजूला उभा राहिला.

"अंकल, इसकी तो पूजा हो चुकी है."

"हो, पण..."

"मेरे बैग में सब जूते-चप्पल वापसी के हैं. पूजा का सामान उनके साथ कैसे रखूँ? आप ही बताइए."

 आयुष्यभर मी लोकांचे अर्ज परत पाठवत आलो, पण इतक्या आदराने कुणाचाही अर्ज परत पाठवणं मला जमलेलं नाही. त्याने डिस्कला हात जोडले, चपला घातल्या आणि गेला. वर कंपनीने कळवलं की हा माल आता बनणं बंद झालं आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार.

मग ती डिस्क टाकायची कुठे, हा प्रश्न आला. आई म्हणाली, पूजेची वस्तू कचऱ्यात जात नाही, वैनगंगेत सोडून या. आम्रपाली मॅडम कुंपणावरून म्हणाल्या, नदीत प्लास्टिक टाकाल तर मी स्वतः फोटो काढून पेपरात देईन. मी दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून घेतलं आणि ऑफिसात जे करतो तेच केलं. निर्णय पुढे ढकलला. डिस्क लाल फडक्यात बांधून माझ्या बॅगेत डब्याशेजारी राहू लागली आणि माझ्याबरोबर रोज ऑफिसात जाऊन येऊ लागली.

शेवटी मी मान खाली घालून चैतरामच्या दुकानात गेलो. तो हसला नाही, एवढं त्याच्या मोठेपणाचं. झेरॉक्सच्या मशीनमागचा पडदा त्याने बाजूला केला आणि मी पाहतच राहिलो. भिंतभर डबे! रांगेने, पाठीवर नावं, कुठे धूळ नाही. हजारो बोटांनी हाताळून कोपरे गोल झालेले. याच्यातले कितीतरी मी स्वतः भाड्याने नेले होते. आम्हाला हवा तो डबा तेवढा, विचारावं तेव्हा दुसऱ्याच कुणाच्या घरी असायचा.

"हे अजून ठेवलंस?"

"ज्यानं लेकरं मोठी केली, त्याले कबाडात कसा देऊ भाऊ?" चैतराम म्हणाला आणि त्याने न शोधता डबा काढला. वर हिरॉइन पेटी घेऊन उभी.  मी डबा उघडला. आत एकच डिस्क होती. जुन्या व्हीसीडीचा पिक्चर दोन डिस्कांवर यायचा, हे तुम्हाला आठवत असेल. इंटरव्हलपर्यंत पहिली, पुढे दुसरी.

"दुसरी कुठाय?"

चैतराम खाली पाहू लागला. "जवायानं नेली."

आमच्याकडे बहिणीचा नवराही जावईच. चैतरामच्या बहिणीचा नवरा भैयालाल परसवाड्याकडे शेती करतो. आदल्या वर्षी धान पिकायला आलं तेव्हा तो पोतं घेऊन आला. डिस्का टांगल्या की त्यांच्या चमकेने मिठ्ठू, म्हणजे पोपट, धानावर बसत नाहीत. आता जावई दारात येऊन काही मागतो, तर नाही कसं म्हणायचं?

"पण दुसऱ्याच काहून नेल्या?"

"त्याच चमकदार ना! पहिली डिस्क लोक घासून घासून पाहत. इंटरव्हलपरेंत सारं घर झोपून जाय. दुसरी कोन लावते? दुसऱ्या साऱ्या नव्यासारख्याच."

म्हणजे परसवाड्याजवळच्या एका वावरात बालाघाटातल्या यच्चयावत पिक्चरांचे शेवट टांगलेले होते. डिस्कांचं भविष्य काय, यावर शिकलेले लोक फार चर्चा करतात असं श्रुतिका सांगते. मी ते भविष्य रविवारी सकाळी बांधावर उभं राहून डोळ्यांनी पाहिलं, आणि काय देखणं होतं ते! पिवळं धान कमरेपर्यंत आलेलं, काठ्याकाठ्यांना दोऱ्या, आणि दोऱ्यांवर शेकडो डिस्का गरगर फिरत उजेड उडवत होत्या. मिठ्ठूंचा थवा वरून आला, एक गिरकी घेऊन ओरडत शेजारच्या वावरात गेला. जे यंत्र बाद झालं म्हणून आपण माळ्यावर टाकलं, ते इथे पहाऱ्यावर उभं होतं.

भैयालाल घरी होता, त्याला निरोप पाठवला आणि मी कामाला लागलो. फिरती डिस्क वाचता येत नाही. तिला धरून थांबवावं लागतं, आणि छापलेली बाजू उन्हाने पांढरी पडलेली. मी इस्त्रीची पँट, खांद्याला बॅग, एकेका काठीपाशी वाकून निरखून पाहत चाललो होतो. थोड्या वेळाने मागे वळलो तर बांधावर माणसं जमलेली.

"साहेब, नुकसानीचा सर्वे होय का?"

"नाही नाही."

"माह्या वावरात बी या साहेब, डुकरानं सारं लोळवलं," एक बाई म्हणाली. तिच्यामागे आणखी दोघं पासबुकं घेऊन आली होती.

मी प्रतिष्ठा सांभाळत सांगितलं की मी सर्व्हेला आलेलो नाही, मी एका पिक्चरचा शेवट शोधतो आहे.  एकाने विचारलं, कोणता पिक्चर? नाइलाज होता, मी नाव सांगितलं.

"अरे, तो! त्यात तं शेवटी ते पोरगी..."

"नको!" मी ओरडलो, दोन्ही कान दाबले, मागे सरकलो आणि बांधावरून थेट खालच्या बांधीत, धानाच्या खाचरातल्या चिखलात बसलो. पँट, बॅग, हेडक्लार्क, सगळं एकदम.

भैयालाल तेवढ्यात पोहोचला होता. त्याने मला हात देऊन उठवलं. "तुमाले बी नाई माईत?"

"नाही."

"अन घरच्या बाईले?"

"तिलाही नाही. तिच्यासाठीच तर..."

 भैयालाल सगळ्यांकडे वळला. "चला रे, पाहा बरं कुठी हाय ते! अन खबरदार, कोनी काई बोलान तं!" सर्व्हे नाही म्हटल्यावर ज्यांनी निघून जायचं, ते सगळे धानात उतरले. बायका, म्हातारे, पासबुकवाले. डिस्का धरून थांबवत, एकमेकांना हाका मारत. मी आजवर कुठल्याही सरकारी योजनेत एवढा लोकसहभाग पाहिलेला नाही. डुकरांची तक्रार केलेल्या बाईलाच ती सापडली. हिरॉइन उन्हाने पुसट झाली होती, पण पेटी ओळखू येत होती.

मी पैसे काढले. भैयालालने हात मागे घेतला. "पैशाले मिठ्ठू भेत नाई साहेब. तिथची जागा खाली राहीन, अन तेथूनच घुसतीन ते."

तेव्हा मला बॅग आठवली. मी लाल फडकं सोडलं. भैयालालने ती पिवळी, ओरखडलेली डिस्क उन्हात धरली.

"चमक नाई म्हना याले. हे हळद कायची?"

"पूजा झाली आहे तिची."

"पूजेची हाय?" त्याचा सूरच बदलला. "मंग तं बीचातच लावू!" त्याने वावराच्या मधोमध सगळ्यांत उंच काठीला आमची नवी कोरी, पक्क्या बिलाची डिस्क बांधली आणि हात जोडले. मीही जोडले. आईचं समाधान झालं, नदी वाचली, मॅडमना फोटो काढावा लागला नाही. नवी वावरात गेली आणि जुनी घरी आली.

संध्याकाळी आईच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी गल्ली जमली होती. किराणावाला दुकान बंद करून आला होता. अंजूने डिस्क साध्या पाण्याने धुतली आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्याने हलकेच पुसली. आई हात पाठीमागे बांधून लांब उभी होती. प्लेअरने डिस्क आत घेतली, घुरघुरला, अडखळला. पडद्यावर चौकोन चौकोन आले, आणि मग चित्र लागलं! चैतरामने टाळी वाजवली. कोणी पडद्याकडे पाहत नव्हतं, सगळे अंजूच्या तोंडाकडे पाहत होते. हिरॉइन स्टेशनवर आली. पेटी खाली ठेवली. लांबून शिटी वाजली.

अंजू उठली आणि तिने प्लेअर बंद केला.

"अवं अंजू, काहून?" आम्रपाली मॅडम किंचाळल्या.

"इतके वर्स दुसऱ्यांनी बंद केला," अंजू म्हणाली. "लाइटनं केला, मामानं केला, कंपनीनं केला. आज म्या केला. घरीच तं हाय आता. कुठं जाते ते?"

गल्ली हळहळत, तिला बोल लावत पांगली. अंजूने डिस्क काढून आईपुढे धरली. "घ्या, आता लावा कुंकू. इकडून, छापलेल्या बाजूनं." आईने करंगळीच्या टोकाने पुसट हिरॉइनच्या कपाळावर एवढासा ठिपका लावला. मी ते पाहत उभा होतो आणि मला माझ्या बायकोचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर आई मॅडमकडे गेलेली, टीव्हीसमोर दोन खुर्च्या मांडलेल्या आणि ताटलीत समोसे.

"बसा," अंजू म्हणाली. "भैयालालभाऊनं चैतरामभाऊले सांगतलं, त्यानं मले सांगतलं. तुमी बी नाई पाहिला शेवट. मले काहून नाई बोलले कधी?"

"त्यात काय बोलायचं?"

तिने खुर्ची जवळ सरकवली. डिस्क फिरू लागली. स्टेशन आलं, पेटी आली, शिटी वाजली आणि लाइट गेली.

 अंधारात अंजू हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण तिने पदर शोधला.

"डिस्क आत हाय ना?"

"हौ," मी म्हणालो.

"मंग येऊ दे लाइट सवडीनं. समोसे थंडे होऊन राह्यले."

लाइट सवडीनेच आली. आम्ही डिस्क पुन्हा लावली, पळवत पळवत स्टेशनवर आणली आणि शेवट पाहिला. तो काय आहे ते मी सांगणार नाही. घरी या. येताना समोसे आणा.